आधी वायर बघू

दुकानाच्या पाटीवर नाव वेगळंच होतं, पण सगळे त्यांना वायरताईच म्हणत. कॉम्प्युटरचं कसलंही दुखणं आणा, बाई पहिला संशय वायरवर घेणार. लोक चेष्टा करत आणि ताई त्यांना भीक घालत नसत. "वायर बदलून कुणाचं काही गेलं नाही. डिस्क पुसून बऱ्याच जणांचं गेलंय," म्हणून पुन्हा डोकं कामात खुपसत.

एका दुपारी एक आजोबा कॉम्प्युटरचा डबा पोटाशी धरून आले. मागे आजी, गळ्याला रुमाल बांधलेला. घशाच्या ऑपरेशनात आजींचा आवाज कायमचा गेला होता. तान्ह्या नातीला पुढे ऐकता यावं म्हणून त्याआधी त्यांनी गोष्टी, गाणी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवली होती. आता एकही फाइल धड वाजत नव्हती. पुतण्याने तर डिस्क मेली म्हणून हात झटकले होते.

"दुसरीकडे कुठे ठेवलंय?"

"नाही हो. सुचलंच नाही."

ताईंनी डबा उघडला. डिस्कची वायर झाकणाखाली दबून पार मुरगळली होती. त्यांनी नवी लावून डिस्क तपासली. डिस्क ठणठणीत होती.

तरी ताईंचा चेहरा उतरलेलाच. खराब वायरमुळे फाइल नुसती वाचताना बिघडत असेल, तर नव्या वायरने ती नीट वाचता येते. पण रेकॉर्ड होऊन डिस्कवर जातानाच बिघडली असेल, तर मूळच नासलेलं. त्याला इलाज नाही.

"हे झाकण कधी उघडलं होतं?"

"ऑपरेशनच्या चार दिवस आधी. धूळ काढली मी." झाकण लावताना आपणच वायर दाबली, हे आजोबांना कळलं.

ताईंनी आडपडदा ठेवला नाही. "त्याआधीचं सगळं मिळेल. त्या चार दिवसांचं बहुतेक गेलंय."

त्यांनी शेवटची फाइल लावली. नुसती खरखर. मग पहिली लावली आणि दुकानात आजींचा आवाज घुमला. भरदार, थोडा हुकमी.

"...तर मुंगी म्हणाली, मी नाही जा. थांब हं सोनू. अहो, दार वाजतंय, बघता का?"

"आलो, आलो," म्हणत आजोबा स्टुलावरून उठलेसुद्धा. आणि तसेच उभे राहिले.

आजींनी बाही धरून त्यांना हळूच खाली बसवलं.