मॅच कुठली, गाडी कोण चालवणार?

ज्याच्यावर अन्याय झाला तो जळोचीजवळच्या एका परमिट रूमच्या काउंटरमागं उभा राहणारा माणूस. अन्याय झाला अंतिम सामन्याच्या रविवारी, दुसऱ्या डावाचं सहावं षटक संपल्यावर. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण तेव्हाच भिंतीवरच्या पडद्यावर जाहिराती सुरू झाल्या आणि अख्ख्या हॉलनं माना वळवून काउंटरकडं पाहिलं. मीही पाहिलं. उठलो नाही.

त्यांचं नाव इथं देत नाही. का, ते शेवटी सांगतो.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. गाव पळसदेव. तरुणपणी कबड्डी खेळले, त्यात उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी झाली. काउंटरमागं शिरताना ते वाकून जमिनीला हात लावायचे आणि तो हात कपाळाला. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, माणूस देवभोळा आहे. तसं काही नव्हतं. चढाईला उतरण्याआधी मैदानाच्या पाया पडायची सवय, तीच इथं आली होती. मग खांद्यावर नॅपकिन टाकायचे आणि समोरच्याला दोन प्रश्न विचारायचे. पुढाऱ्याच्या पाहुण्याला तेच, काटेवाडीच्या दूधवाल्यालाही तेच.

"म्याच कुठली? आन् गाडी कोण चालवणार?"

या दोन उत्तरांवर गिलास ठरायचा. मेनूकार्ड नव्हतंच.

कबड्डीचा एक डाव वीस मिनिटांचा. त्यात टाळ्या वाजवायला हात मोकळे लागतात. त्यासाठी पेरू, हिरवी मिरची, मीठ आणि पांढरी रम, लहान गिलासात, चार घोटांत संपेल असं. क्रिकेट लांबतं. तिथं इंदापूरकडचं डाळिंब, जिन, काळं मीठ आणि वर सोडा. "बर्फ इरघळला म्हणून चव मरता कामा न्हाय," म्हणायचे, आणि बर्फ पाण्याचा लावायचेच नाहीत. डाळिंबाचाच रस आदल्या दिवशी साच्यात ओतून ठेवायचे. शेवटच्या षटकापर्यंत गिलास लालभडक राहायचा.

पुण्याकडच्या छोट्या कारखान्यांतली क्राफ्ट बिअर त्यांनीच मालकाच्या, म्हणजे शेठच्या, मागं लागून आणवली होती. गव्हाची हलकी बिअर लांबलचक सामन्याला. काळी, कॉफीसारखा वास येणारी फक्त संघनिवडीवर भांडायला आलेल्यांना. एकदा आमचा संघ हरायला लागला तशी मी कडू बिअर मागितली.

"न्हाय देणार."

"का हो आबा?"

"हरणाऱ्याचं तोंड आधीच कडू आसतंय. ही जिकणाऱ्यानं प्यायची. तू गव्हाची घे आन् गप बस."

मी गप बसलो. मी हॉटेल कामगारांसाठी पत्रकं काढतो, गप बसणं हा माझा धंदा नाही. पण त्या काउंटरवर आबा सांगतील ते घ्यायचं, हे इंदापूर रस्त्यावरच्या सगळ्यांना माहीत होतं.

खरी कमाल उसाच्या गिलासाची. उसाचा रस थांबत नाही. काढून ठेवला की तासाभरात काळपट पडतो, चव उतरते. म्हणून आबांनी रस्त्यापलीकडच्या रसवंतीवाल्याशी संधान बांधलं होतं. डाव संपत आला की आबा दारात येऊन नॅपकिन एकदा डोक्यावरून फिरवायचे. पलीकडं चरक सुरू व्हायचा, घुंगरं वाजायची. कांडक्यांबरोबर आलं आणि लिंबू चरकातच जायचं. रसाचा जग रस्ता ओलांडून येईपर्यंत इकडं गिलासांत रम तयार. मध्यंतराला पहिला घोट घेणारा माणूस डोळे मिटायचा. तुम्ही त्या हॉलमध्ये कधी बसला असाल तर घुंगरं ऐकून लोक पडद्याकडं पाठ करायचे, हे तुम्हीही पाहिलं असेल.

आता दुसरा प्रश्न. गाडी कोण चालवणार? जो म्हणेल "मी", त्याला दारू नाही. पण त्याला तोच गिलास, तोच लाल बर्फ, तीच काठावर लावलेली तिखटमिठाची कड. फक्त आत जिन नाही. बघणाऱ्याला फरक कळायचा नाही, म्हणून टोमणे नाहीत. "प्यायला भीत हाईस व्हय रं?" हे वाक्य त्या टेबलांवर मी कधी ऐकलं नाही. आपल्याकडं चार मित्रांत न पिणाऱ्याला मॅच संपेपर्यंत सोलतात. आबांनी ते एका गिलासात बंद केलं होतं. कुणी बोर्ड लावला नाही, कुणी शपथ घेतली नाही.

मग शेठनं पुण्याहून एक सल्लागार आणला.

पोरगा वाईट नव्हता, हे लिहिणं भाग आहे. आठवडाभर काउंटरशेजारी उंच स्टुलावर बसला, आबांना "काका, यात काय? किती?" विचारत राहिला आणि मोबाइलमध्ये टिपत राहिला. आबा सांगत राहिले. एका शब्दानं आखडले नाहीत. उलट मला म्हणाले, "शिकायची आवड हाय पोराला."

पुढच्या आठवड्यात कार्ड आलं. गुळगुळीत, जाड कागदाचं. पेरूच्या गिलासाचं नाव 'रेडर्स शॉट'. डाळिंबाचा 'रुबी सिक्सर'. उसाचा 'सेकंड इनिंग स्पेशल'. आणि तळाला लिहिलेलं, की ही सर्व पेयं या मातीतून शोधली आणि घडवली अमुक यांनी. अमुक म्हणजे स्टुलावरचा पोरगा. गाडी चालवणाऱ्याचा गिलास कार्डावर नव्हताच. शेठ म्हणाले, त्यात काय दम आहे.

आता माझं सांगतो, म्हणजे दुसऱ्यांवर बोट दाखवायचा मला हक्क राहील. त्या कार्डाचं मराठी मी तपासलं. शेठनं बोलावलं, चहा पाजला, म्हणाले, "पत्रकं लिहिता, जरा नजर घाला." मी घातली. दोन वाक्यं सुटसुटीत केली, एक शब्द बदलला. तळाची ओळ वाचली. पाच मीटरवर आबा गिलास पुसत होते. मी "ठीक आहे" म्हणालो आणि चहा संपवला. मला ती ओळ खटकली नाही असं नाही. मला वाटलं, मेनूकार्ड आहे, पत्रक थोडंच आहे.

अंतिम सामना दुपारी सुरू होणार होता. गर्दी होणार म्हणून सल्लागारानं ठरवलं, उसाचं पेय सकाळीच बनवून कॅनमध्ये भरायचं. शुक्रवारी आबांनी माझ्यासमोर सांगितलं होतं.

"शेठ, रस ऱ्हात न्हाय. डाव संपला की काढू. मी उभा हाय की."

"आबा, आता सिस्टिमनं चालायचं."

"उसाला सिस्टिम कळत न्हाय, शेठ."

सगळे हसले. शेठ हसले नाहीत.

रविवारी मध्यंतर झालं. आबा सवयीनं दारात गेले, नॅपकिनला हात घातला, आणि तसेच परत आले. पलीकडं रसवंतीवाला वाट बघत उभा होता. आत कॅन उघडले गेले. दुसरा डाव सुरू झाला तसे गिलास टेबलांवर आले. करडे, काळपट, वर फेसाचा थर. कुणीतरी ओरडलं, "आरं, हे गटारीचं पाणी कुणी आणलं?" हशा, शिट्ट्या. एकानं गिलास उलटा करून टेबलावर ठेवला, मग दहा जणांनी. सहावं षटक संपलं आणि शेठ काउंटरपाशी आले.

"ए, काय केलंस हे?"

बारा वर्षं आबा होते. त्या संध्याकाळी "ए" झाले.

आबांनी सल्लागाराकडं पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघत होता. मग शेठनं सगळ्यांदेखत त्यांच्या खांद्यावरचा नॅपकिन ओढला आणि म्हणाले, "माफी माग गिऱ्हाइकांची."

हॉलमध्ये निदान सत्तर माणसं होती. प्रत्येकाला माहीत होतं, उसाचा गिलास कुणाचा आणि तो कसा बनतो. एकही जण बोलला नाही. आबा दोन पावलं पुढं आले.

"रस नासला," ते म्हणाले. "रसाची माफी मागतो."

स्वतःची नाही. रसाची. आणि काउंटरमागून निघाले. जाताना जमिनीला हात लावला नाही. जाहिराती संपल्या, गोलंदाज धावत आला, आणि सत्तर माना परत पडद्याकडं वळल्या.

आठ दिवसांनी मी पळसदेवला गेलो. आबा धरणाच्या पाण्याकडं तोंड करून भावाच्या होडीला डांबर लावत होते. मी तिथंच पत्रकाचा मसुदा वाचून दाखवला. 'श्रमाची चोरी', 'सल्लागारशाही', माझे नेहमीचे शब्द. त्यांनी हात न थांबवता ऐकलं.

"त्यात रसवंतीवाल्याचं लिव. रस त्येचा चांगला हुता. लोकं त्येला नावं ठिवतील."

"लिहितो. तुमचं पूर्ण नाव कसं लिहू?"

"पेपरात माजं नाव नगं. मी काय चोरी केलीय व्हय? कार्डावर टाकत आसतील तर टाका." मग माझ्याकडं पाहिलं. "कार्ड तूच वाचलंस न्हवं?"

"व्हय, आबा."

"मंग तवा का न्हाय बोललास?"

मी पत्रकाची घडी घातली. त्यांनी डांबराचं काम थांबवलं. घरात नेऊन चहा दिला आणि निघताना म्हणाले, "मोटारसायकलवर आलास का? सावकाश जा."

म्हणून नाव देत नाही. ते इथं छापायचं नाव नाही. त्याची जागा त्या जाड कार्डाच्या तळाला आहे.

काउंटरमागं आता टाय लावलेला माणूस असतो. तो विचारतो, "स्मॉल की लार्ज?" गाडीचं विचारत नाही. मध्यंतराला रसवंतीवाला अजून चरकाच्या मुठीवर हात ठेवून पलीकडच्या दाराकडं पाहतो.

कबड्डीत बाद झालेला गडी मैदान सोडून जात नाही. रेषेबाहेर बसतो. आपल्यातल्या कुणी समोरचा एक गडी बाद केला की तो परत आत येतो. आबा बाहेर बसलेत. मी माझी चढाई हुकवली आहे.

तेव्हा तुम्ही, जे रविवारी त्या हॉलमध्ये होता आणि पुढच्या सामन्यालाही जाणार आहात, कार्ड हातात आलं की उलटं करून टेबलावर ठेवा. शेठला बोलवा. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, हे गिलास कुणाचे? त्या माणसाचं नाव कार्डावर छापून येईपर्यंत आणि तो काउंटरमागं परत उभा राहीपर्यंत एक घोटही घेऊ नका. मॅच घरी बघा.