मार्केटच्या दारातल्या चपला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझं बाकी सगळं ठाऊक आहे — कोणाला कच्च्या रंगाचं लुगडं पक्कं म्हणून गळ्यात मारलं, तेसुद्धा. पण हे नाही. आता तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका.

आधी मार्केटचं सांगू द्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जळगावात, ऐन गावाच्या मध्यावर आमचं मार्केट उभं राहिलं, तेव्हा आम्हाला तरी खानदेशात तसं दुसरं माहीत नव्हतं. धुळ्याचे व्यापारी मुद्दाम बघायला यायचे आणि जाताना गप्प गप्प असायचे! वर छप्पर, मध्ये चौक, चारी बाजूंनी दुकानं, भर वैशाखात आत सावली. आणि फरशी? तोंड बघून घ्यावं अशी. वरच्या मजल्यावर कापडाचं पहिलं दुकान माझं, व्यापारी मंडळाचा सेक्रेटरीही मीच. "वर कोण मरायला चढणार?" म्हणून मला हसलेले लोक पुढे वरच गाळा मिळेना म्हणून रुसून बसले. अभिमान आहे मला. का नसावा?

तर ती फरशी बघून खेड्यातली माणसं दारातच चपला काढायची. देवळात काढतात तशा. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण घालून या असंही आम्ही कधी म्हटलं नाही. खरं सांगू? मला ते आवडायचं. आपल्या दारात माणसं चपला काढतात, हे कोणाला आवडणार नाही?

दाराबाहेर सुकदेव बसायचा, चपला-बूट शिवायचा. मार्केटचा पाया खणला त्याच्या आधीपासूनची त्याची ती जागा. त्या काढलेल्या चपला तो उन्हातून सावलीत सरकवून ठेवायचा. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, त्याचा स्वभावच तसा.

आणि माझ्या दुकानात पहिला बस्ता आला. लग्नाचा बस्ता म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे — गाडी भरून माणसं येतात आणि सगळ्या भावकीचे कपडे घेतल्याशिवाय गादीवरून उठत नाहीत. पारोळ्याकडची मंडळी होती. नवरदेवाची आजी अनवाणी चौकभर फिरली आणि मला म्हणाली, "इतलं मोठं देऊळ बांधं भाऊ, पन देव कोठे शे?" आम्ही दुकानदार पोट धरून हसलो.

त्याच दुपारी पेपरवाला मार्केटचा फोटो काढायला येणार होता. दारात हा धुळकट ढीग! सुकदेव घरी जेवायला गेलेला. मी खाली आलो आणि — मीच, माझ्या हातांनी — त्या चपला पोत्यात भरून जिन्यामागे ठेवल्या. फोटो झाला की परत मांडू, एवढाच विचार. फोटो छान आला. मी मधोमध. मग वर गेलो, साड्या उलगडत बसलो आणि पोतं विसरलो. तेवढ्यात कचऱ्याची गाडी येऊन ते पोतंही घेऊन गेली.

मंडळी बस्ता घेऊन खाली उतरली, तेव्हा बाहेर डांबर मऊ झालं होतं. आजीने एक पाऊल टाकलं आणि कळवळून मागे घेतलं. नवरदेवाचा काका ओरडला, "बठ्ठ्या चपला कोठे ग्यात?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका वाक्याचं काम होतं — चपला मी उचलल्या. तेवढं बोललो असतो तर काय झालं असतं? चार शिव्या बसल्या असत्या. पण पहिला बस्ता, नवं मार्केट, मी सेक्रेटरी... मी म्हणालो, "मी तर वर होतो. इथे चपलांशी कोणाचं काम असतं, तुम्हीच बघा."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही. सुकदेव जेवून नुकताच परत आला होता. काकाने त्याची पेटी रस्त्यावर पालथी केली. आरी, खिळे, दोरा, मेण — दुसरं काय निघणार? सुकदेव माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊ, तुम्हीच सांगा ना. मी चोर शे का?"

मी खाली बघितलं.

आणि पुढचं तर याहून वाईट. मी खालच्या दुकानातून सगळ्यांना नव्या चपला आणून दिल्या. आजीच्या पायात स्वतः सरकवल्या. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. ही गोष्ट गावोगाव गेली — चोरी झाली दारात, पण शेठने पदरच्या चपला दिल्या! त्यानंतर लग्नसराईत माझ्या गादीवर बसायला जागा उरायची नाही. पहूरकडूनही बस्ते यायचे. आणि मंडळाच्या बैठकीत सुकदेवला दारातून उठवायचा ठराव आला. मांडला कोणी? मीच. एकमताने झाला.

तो धुळ्याला गेला, स्टँडसमोर बसायला लागला. मालासाठी माझ्या धुळ्याला खेपा व्हायच्या, पण मी स्टँडच्या अलीकडेच उतरायचो. नव्वद साल उलटल्यावर मात्र एकदा मुद्दाम गेलो, फक्त सांगायला. बसमध्ये पूर्ण वेळ ते एक वाक्य घोळवत होतो. त्याने लांबूनच ओळखलं. पोतं झटकून अंथरलं, चहा मागवला. "बठा भाऊ," म्हणाला. आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "आपलं मार्केट कसं चाली ऱ्हायनं?"

आपलं म्हणाला तो!

आणि मी सांगितलं. आणखी एक मजला चढला ते, थंड पाण्याची मशीन बसवली ते, दिवाळीच्या रोषणाईला लोक लेकरं खांद्यावर घेऊन येतात ते. चहा निवला तरी छाती फुगवून सांगत होतो. तो मान डोलवत होता, खरंच खूश होत होता. मग माझी बस लागली आणि मी उठलो.

सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणणार नाही. मी सांगितलं नाही. मार्केट उभं करणारा माणूस म्हणूनच मला त्याच्यासमोर बसायचं होतं, आणि मी तसाच बसून आलो.