शीटवरचा टॉवेल

काल सकाळी कवठे महांकाळच्या स्टँडवर मी एका माणसाचा टॉवेल बसच्या खिडकीतून बाहेर फेकला. पाणपोईजवळच्या चिखलात जाऊन पडला तो... आणि खोटं कशाला बोलू, फेकताना फार बरं वाटलं.

पण सुरुवात परवाची आहे.

माझ्या आईला सध्या सांगलीला रेडिएशनचे शेक चालू आहेत. छातीतली गाठ काढली, आता पंचवीस शेक घ्यायचेत आणि एकही खाडा करायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी सांगलीत चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. त्यामुळे सकाळच्या बसने आम्ही दोघी बरोबर जातो, दुपारी ती एकटी परत येते.

शेकाची जागा आता भाजल्यासारखी लाल झालीय. नुसता पदर घासला तरी आग होते म्हणते. म्हणून तिला खिडकीजवळ बसायचं असतं, त्या बाजूला कुणाचं कोपर लागू नये एवढंच... विमानाने न्या म्हणत नाही आम्ही.

परवा आम्हाला पोचायला उशीर झाला आणि गाडी भरलेली. 'स्त्रियांसाठी राखीव' लिहिलेल्या शीटवर पन्नाशीचे एक गृहस्थ बसलेले, खांद्यावर हळदीने पिवळा झालेला टॉवेल. रोजचेच आहेत, सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. मी नीट शब्दांत म्हटलं, आईला जरा बसू द्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेजारच्याला म्हणाले, "आर्धं तिकीट केल्यापास्नं बायका लय हिंडाय लागल्यात गड्या. आर्ध्या तिकिटात आख्खी शीट पायजे ह्यास्नी."

मागची चार-पाच माणसं हसली. त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रिपोर्टची पिशवी छातीशी धरून कोण हिंडायला जातं हो?

मी तोंड उघडणार तेवढ्यात आईने दंड धरला. "गप बस. लोकात तमाशा नगं." आणि ती उभी राहिली... मिरज येईपर्यंत. एका हाताने दांडी धरलेली, दुसरा हात छातीपुढे आडवा. प्रत्येक ब्रेकला तिचे डोळे मिटायचे. मी तिच्यापुढे आडवी उभी होते, पण एवढी गर्दी माझ्याने थोडीच अडणार होती.

सांगलीच्या अलीकडे, दवाखान्यासाठी विश्रामबागला उतरल्यावर म्हणाली, "उद्या ऱ्हाऊ दे. यक दिवस न्हाई गेलं म्हणून काय हुतंय." ऑपरेशनला जाताना जिने डोळ्यातून टिपूस काढलं नाही, ती बाई एका शीटपायी उपचार सोडायला निघाली होती. दिवसभर दुकानात माझं लक्ष लागलं नाही. कुणाला कुठली फ्रेम दाखवली, देव जाणे.

म्हणून काल तिला जवळजवळ ओढतच, अर्धा तास आधी स्टँडवर आणली. गाडी लागल्या लागल्या मी गर्दीतून वर घुसले. बघते तर त्याच राखीव शीटवर, खिडकीकडेला, तोच पिवळा टॉवेल! हे महाशय खिडकीतून टॉवेल टाकून खाली चहा पीत उभे असणार...

आपल्याकडे शीटवर रुमाल पडला की सातबारा नावावर झाला. त्याला कुणी हात लावत नाही. मीही आजवर कधी लावला नव्हता, काल लावला.

टॉवेल चिखलात आणि आई शीटवर. आता येऊ दे म्हटलं, बघतेच. आदल्या दिवसापासून जुळवून ठेवलेली वाक्यं ओठांवर तयार होती.

ते आले. हातात चिखलाने माखलेला टॉवेल. माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "बसला न्हवं मावशी? बरं झालं. तुमच्यासाठीच टाकला हुता."

मला काही उमजेना. मग कंडक्टर बाई पुढे आल्या. आई त्यांच्याशी रोज बोलते, त्यांना सगळं माहीत आहे. आदल्या दिवशी आम्ही उतरल्यावर त्यांनीच या गृहस्थांना शेकाचं सांगितलं होतं, आणि चांगलं खडसावूनही सांगितलं होतं.

"म्हाईत न्हवतं ओ ताई," ते खाली बघत म्हणाले. आणि दांडी धरून पार सांगलीपर्यंत उभे राहिले. उतरून दिवसभर पोती उचलायची असतात त्यांना.

मी सॉरी म्हटलं. टॉवेल फेकल्याची मला खरंच लाज वाटली.

पण राग गेला का? नाही गेला. ते 'म्हाईत न्हवतं' अजून डोक्यात फिरतंय. काय माहीत असायला हवं होतं? राखीव लिहिलेलं होतं ना समोर. म्हणजे बाईने आधी आपलं दुखणं चारचौघांत सांगायचं, मग तिला तिची शीट मिळणार. आणि माझी आई धडधाकट असती, बहिणीकडे निघाली असती, अगदी नुसती हिंडायला निघाली असती... तर? परवा हसलेले ते चार-पाच जण कालही गाडीत होते. सगळ्यांनी मोबाईलात डोकं घातलं होतं.

आईला माझं हे बोलणं पटत नाही. तिने तो टॉवेल त्यांच्याकडून मागून घेतला, घरी आणला आणि माझ्यापुढे टाकला. "तू फेकलास, तूच धू." चिखल निघाला. हळद काही निघाली नाही.

आज आम्ही लवकर गेलो. आईने खिडकीची जागा धरली, आणि मग मला म्हणाली, त्यो टॉवेल मागच्या शीटवर टाक, त्यांच्यासाठी. मी रागातच होते, पण टाकला.

कंडक्टर बाई, तुमचे उपकार आहेत. आज सतरावा शेक झाला... आठ राहिलेत.