आर्णीच्या गोदामाचा भोंगा

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत कापसाच्या बांधलेल्या गठाणी विकल्याच जात नव्हत्या, गोदामांत पडून राहायच्या. नेर, आर्णी, महागाव अशा गावांबाहेरच्या गोदामांवर आमची कंपनी पहारा ठेवायची, तोही यवतमाळच्या एका खोलीत बसून. खोलीत एक कम्प्युटर आणि त्याच्यासमोर मी.

गोदामाच्या दाराला चुंबकाचा खटका आणि छताला धूर ओळखणारे डबे असत. त्यांच्या तारा एका पेटीत जायच्या आणि ती पेटी टेलिफोनच्या लाइनवरून आम्हाला खबर द्यायची. कम्प्युटरही मधूनमधून पेटीला हाक मारायचा. तिने ओ दिली नाही, तर तोही धोकाच समजायचा. पडद्यावर प्रत्येक गोदामाचा हिरवा चौकोन होता. गडबड झाली की तो लाल व्हायचा आणि भोंगा वाजायचा.

एका दुपारी आर्णीचा चौकोन लाल झाला. धूर. मी तिथल्या चौकीदारकाकांना फोन लावला. ते म्हणाले, "बाहेरून त काही दिसून नाही राह्यलं, बाई. सकाळी माल उतरवला, त्याची धूळ असन." आत जायला चावी त्यांच्याकडे नव्हती, ती आमच्या ऑफिसात असायची. मी भोंगा थांबवला. तो पुन्हा वाजला. मग पुन्हा.

साहेब केबिनमधून बाहेर आले. "बंद करून टाक आर्णी! डोकं उठवलं."

ते सोपं होतं. एक बटण दाबलं की चौकोन करडा व्हायचा. मग गोदाम जळून खाक झालं तरी पडदा गप्पच.

"आत जाऊन पाहू द्या कोणाले, मग करते," मी म्हणाले.

"तुले नोकरी पाह्यजे का नाही?"

"पाह्यजे. पण बटण नाही दाबत."

साहेबांनी कीबोर्डकडे हात नेला. मी कीबोर्डच ओढून मांडीवर घेतला. खुर्चीवरून उठले नाही.

कंपनीत पेट्या बसवायचं काम करणारे भाई दारात उभे होते. त्यांनी खिळ्यावरची चावी काढली. "ताई, मी जाऊन येतो," म्हणाले आणि मोटारसायकल काढली.

ते पोचेपर्यंत भोंगा वाजतच राहिला. मग त्यांचा फोन आला. मागच्या थप्पीतली एक गठाण आतून धुमसत होती. हमालांनी ती ओढून अंगणात आणली आणि फोडली, तशी ती भडकली. बाकीचा माल वाचला.

दुसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली. हुकूम मोडला, माफी लिहून द्या. मी दिली नाही. मला बाहेरच्या टेबलावर, आल्यागेल्याला पाणी विचारायला बसवलं.

भाई म्हणाले, "लिहून टाका ना, ताई. दोन ओळींचं काम."

"चुकलीच नाही त कायले लिहू?"

काही दिवसांनी आर्णीच्या गोदामाचे मालक स्वतः आले; त्या दिवशीची हकीकत त्यांना भाईंकडून कळली होती. पडद्यासमोर नवीन माणूस पाहून त्यांनी विचारलं, "त्या दिवशीची बाई कुठं आहे? आमच्या गोदामावर तिलेच बसवा." साहेबांना ऐकावं लागलं. मी माफी न लिहिता माझ्या खुर्चीत परत गेले.

त्यानंतर साहेब माझ्याशी कधी नीट बोलले नाहीत. माझं त्यावाचून काही अडलं नाही.