सकाळच्या घरातली पिवळी गोळी

बाळांनो, मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही आजोबांच्या औषधांची डबी तुमच्या मैत्रिणीला दाखवलीत. सात वार, प्रत्येक वाराचं एक सकाळचं आणि एक रात्रीचं घर, प्रत्येकावर माझ्या इंग्रजी अक्षरातली चिठ्ठी. "आमची आजी किती शिस्तीची!" तुम्ही म्हणालात, आणि मी हसले. त्या डबीत चार महिने चुकीची गोळी जात होती. ते मला त्याच दुपारी कळलं होतं, तरी मी हसले.

थंडीत आजोबांची पोटरी सुजली, पायाच्या शिरेत गुठळी निघाली, हे तुम्हाला माहीत आहे. बीडच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली. तपासणीत होमोसिस्टीनही वाढलेलं आलं. डॉक्टर समजावून सांगत होते, की शरीरात काही जीवनसत्त्वं कमी पडली की हा घटक रक्तात साचतो, आणि फार साचला तर गुठळीचा धोका वाढू शकतो. मी ऐकत नव्हते. होमोसिस्टीनचं स्पेलिंग वहीत बरोबर उतरवण्यात गुंतले होते.

माजलगावला परत आल्यावर कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी, आता दाढी पिकलेला. नववीत मी त्याला इंग्रजीत नापास केलं होतं. त्याने बी-ट्वेल्व्हसोबत एक पिवळी गोळी पुढे ठेवली. ती मी लगेच ओळखली. तुम्ही पोटात होतात तेव्हा तुमची आई हीच घ्यायची.

"अरे, ही गरोदर बायकांची गोळी. आमच्या यांना?"

दुकानात माणसं होती. कुणीतरी खुदकन हसलं.

"बाई, चिठ्ठीत हेच हाय. फॉलिक अ‍ॅसिड. हे बघा ना."

त्याने चिठ्ठी माझ्यासमोर धरली. डॉक्टरांचं अक्षर मला लागलं नाही, आणि तसं म्हणायची माझी तयारी नव्हती.

"तुला इंग्रजी तेव्हाही वाचता येत नव्हतं," मी म्हणाले. "तीस वर्षं शिकवलंय मी. ठेव ती परत."

आता सगळेच हसले. त्याने मान खाली घातली आणि पाकीट उचलून घेतलं. "बराय बाई. पण डॉक्टरसायबांला एक फोन करून इचारा."

मी विचारलं नाही. घरी डबी भरताना सकाळच्या घरात डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा एक गोळी कमी दिसे. ती उणीव मला बघवेना, म्हणून माझी कॅल्शियमची गोळी त्यात टाकू लागले. आजोबा काही न विचारता गिळत राहिले.

चार महिन्यांनी पुन्हा बीड. होमोसिस्टीन जराही उतरलं नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा काढला. "गोळ्या नियमित घेता ना?"

"हिच्या हाताखाली एक गोळी चुकायची नाही, डॉक्टर," आजोबा अभिमानाने म्हणाले.

"मग फॉलिक अ‍ॅसिडनेसुद्धा फरक पडत नाही म्हणजे दुसरं काही असेल. पुण्याला दाखवू या." ते पत्र लिहायला लागले.

फॉलिक अ‍ॅसिड हा शब्द ऐकला आणि मला कळलं, दुकानदाराने चिठ्ठी बरोबर वाचली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पर्स घट्ट धरून बसले. बाहेर आजोबा कठडा धरून, एकेक पाय टेकवत पायऱ्या उतरले, आणि त्याच संध्याकाळी तुमचा तो व्हिडिओ कॉल आला.

दोन दिवस मी गप्प होते. तिसऱ्या दिवशी आजोबा पुण्याच्या गाडीचं बघायला निघाले. त्या सुजऱ्या पायाने पाच-सहा तासांचा प्रवास, तोही माझ्या खोट्यापायी. मी त्यांना दारातच थांबवलं आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे चार महिने मी तुझ्या गोळ्यांनी हाडं बळकट करत होतो?" ते हसले. मग त्यांचं हसू गेलं. "डॉक्टरांना आत्ता फोन कर. आणि त्या पोराचं काय? चारचौघांत बोललीस ना त्याला? मग सांगायचंही चारचौघांत."

डॉक्टरांनी फोनवर सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, पुणे राहू द्या, आधी गोळी सुरू करा. आकडा बहुधा उतरेल. पुन्हा गुठळी होणार नाही याची हमी मात्र कुठलीच गोळी देत नाही. म्हणजे आजोबांना चार महिने धोका जास्त होता की नव्हता, हे मला कधीच कळणार नाही.

संध्याकाळी मेडिकलमध्ये गर्दी असते. मी मुद्दाम तेव्हाच गेले.

"तू बरोबर वाचलं होतंस," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला ती चिठ्ठी वाचता आली नव्हती. चूक माझी."

या वेळी कुणी हसलं नाही. तो गडबडला. "जाऊ द्या हो बाई, कावून मनाला लावून घेता?" त्याने पिवळ्या गोळ्यांचं पाकीट ठेवलं आणि पेन उचललं. नेहमी मी ते त्याच्या हातातून घेऊन स्वतःच लिहीत असे. त्या दिवशी घेतलं नाही. त्याने पाकिटावर मराठीत लिहिलं: 'साहेबांची, सकाळी एक.'

तेच पाकीट कापून मी डबीवर चिकटवलं आहे. पुढच्या कॉलवर तुमच्या मैत्रिणीला तेही दाखवा.