साडूभाऊंची क्रूझर

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, की टाळण्याचीच सवय होऊन बसली. कधी बायको त्याच खोलीत होती म्हणून, कधी चष्मा सापडत नव्हता म्हणून, आणि अलीकडे तर काहीच कारण नसताना. आता उद्यावर ढकलावं इतके उद्या हाताशी उरलेले नाहीत, तेव्हा सुरुवात करून टाकतो. ब्रिटनमध्ये आजवर जेवढी मराठी माणसं विमानातून उतरली, त्यांत आमच्या साडूभाऊंइतका जीव नकोसा करणारा माणूस दुसरा झाला नाही. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. ते ब्रिस्टलला विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात होते, मी लंडनच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होतो आणि पिनरला राहत होतो. मधे एवढा लांबलचक मोटरवे होता, तरी तो मला कधी पुरेसा वाटला नाही.

कारण एक जहाज. साडूभाऊंचा जीव एका अमेरिकन क्षेपणास्त्रवाहू क्रूझरवर जडला होता. क्रूझर म्हणजे आपल्या ताफ्याला आकाशातून येणाऱ्या संकटापासून जपणारी मोठी युद्धनौका; ही व्याख्या मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की भूल दिलेल्या अवस्थेतही म्हणून दाखवीन. स्वतः ते कधी कुठल्या आरमारात नव्हते. पोहता येत नव्हतं. पण त्या क्रूझरला पुढे ढकलणारी टर्बाइनं विमानाच्या इंजिनांच्याच जातीची होती, आणि तेवढं नातं त्यांना पुरलं. "आकाशातलं इंजिन समुद्रात नांदतंय, डॉक्टर," असं ते म्हणत, तेव्हा लांब दिलेली लेक सुखात असल्याची बातमी सांगावी तसा त्यांचा चेहरा व्हायचा. जहाजाचं नाव मी इथे लिहीत नाही. ते कानावर पडलं की अजूनही माझी भूक मरते.

दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. हॅलो नाही, कसे आहात नाही. "सुएझमधून बाहेर पडली." यावर मी "अरे वा" म्हणायचं. "आता बघा, उजवीकडे वळते की डावीकडे." यावर मी पुन्हा "अरे वा" म्हणायचं. सुरुवातीला ही माहिती त्यांना मासिकांतून मिळायची आणि निदान महिनाभर शिळी असायची. पुढे घरात इंटरनेट आलं आणि आमचे बुधवारही गेले. माझ्या मुलीचा वाढदिवस त्यांच्या लक्षात होता तो ती क्रूझर सागरी चाचण्यांना निघाली त्या आठवड्यातला म्हणून. क्रूझर आरमारात दाखल झाली त्या दिवशी दरवर्षी घरी श्रीखंड व्हायचं. स्वतःच्या लग्नाचा वाढदिवस मात्र ते सलग कित्येक वर्षं विसरले. ताई एकदा शांतपणे म्हणाल्या, "मी डोक्यावर एखादी तोफ लावून फिरू का, म्हणजे लक्षात राहीन?" साडूभाऊंनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "तोफा फक्त दोन आहेत गं तिला. एक पुढे, एक मागे. मुख्य भर क्षेपणास्त्रांवर."

चारचौघांत तर त्यांना न्यायची सोय नव्हती. हॅरोला मंडळाच्या गणपतीत पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका सॉफ्टवेअरवाल्या तरुणाने सहज विचारलं, "काका, म्हणजे बेसिकली डिस्ट्रॉयरच ना ती?" क्रूझरला तिच्याहून धाकट्या युद्धनौकेचं नाव लावलेलं ऐकून साडूभाऊंनी हातातली प्रसादाची वाटी खाली ठेवली. "घरी जाऊन बायकोला सासूबाई अशी हाक मार. बेसिकली दोघी बायकाच." तो बिचारा हसला. विनोद संपला आणि आपली सुटका झाली असं त्याला वाटलं. संध्याकाळच्या आरतीची घंटा वाजेपर्यंत तो तिथेच उभा होता आणि त्याच्या मोदकावरचं तूप थिजून गेलं होतं. मी निवृत्त झालो त्या जेवणात त्यांना माझ्याविषयी चार शब्द बोलायला सांगितलं, तर त्यांनी क्रूझरला मध्यवयात नवी उपकरणं कशी बसवली ते सांगितलं. शेवटी "डॉक्टरांचंही तसंच" एवढं म्हणून ते खाली बसले. माझं नक्की काय तसंच, हे माझे इंग्रज सहकारी पुढे कितीतरी दिवस मला विचारत होते.

मी एकदा वैतागून म्हटलं होतं, "पण साडूभाऊ, एवढी वर्षं फिरून तिने केलं काय? कुठे गाजली, असं काही?" त्यांना राग आला नाही. "फारसं नाही. गेली, थांबली, परत आली. पण दर वेळी नेलेल्या सगळ्यांना परत आणलं." आणि मग ते उगाच चष्मा पुसत बसले.

आता हीथ्रोची गोष्ट. आमच्या गोतावळ्यात ती सगळ्यांना पाठ आहे, कारण मीच ती रंगवून रंगवून सांगत आलो. सासूबाई पहिल्यांदा इंग्लंडला यायच्या होत्या. एकट्या, इंग्रजीचा गंध नाही. साडूभाऊ आणि ताई आदल्या दिवशी आमच्याकडे मुक्कामाला आले होते, आणि साडूभाऊंची गाडी ऐसपैस म्हणून त्यांनीच दुपारी विमानतळावर जायचं ठरलं होतं. पण त्याच रविवारी त्यांची लाडकी क्रूझर पोर्ट्समथच्या बाहेर नांगर टाकून उभी होती आणि लोकांना बघायला खुली होती. हे महाशय पहाटेच उठून तिकडे पळाले, परतीच्या बोटीत त्यांनी गाडीची किल्ली समुद्रात पाडली, आणि सासूबाई हीथ्रोवर दुपारपासून दिवे लागेपर्यंत एका बाकावर बसून राहिल्या. शेवटी हे पोचले ते गाडीशिवाय, आणि म्हातारीला दोन बॅगा आणि लोणच्याच्या बरणीसकट भुयारी रेल्वेने घेऊन आले. दारात पाऊल टाकताच सासूबाई म्हणाल्या, "या माणसाने मला जमिनीखालून आणलं." इथे लोक पोट धरून हसायचे. साडूभाऊही हसायचे.

गोष्ट खरी आहे. फक्त त्या बोटीत मीही होतो.

सासूबाई यायच्या म्हणून आमच्या घरी आठवडाभर धुणं-पुसणं चाललं होतं आणि त्या रविवारी माझ्या वाट्याला गराज आलं होतं. मी बायकोला सांगितलं की मला हॉस्पिटलात बोलावलंय, आणि कोपऱ्यावर साडूभाऊंच्या गाडीत जाऊन बसलो. जहाजावर त्यांनी माझी लाज काढायची ती काढलीच. ताईंचे डिंकाचे लाडू खलाशांना वाटले. माहिती सांगणाऱ्या मुलाला दोनदा दुरुस्त केलं. तो जाऊन एका अधिकाऱ्याला घेऊन आला, आणि मला वाटलं आता आम्हाला खाली उतरवतात. पण तो अधिकारी साडूभाऊंचं सगळं ऐकून घेऊन म्हणाला की हे मलाही माहीत नव्हतं. तेव्हापासून त्यांना कॅमेरा धरायला दोन्ही हात हवे होते म्हणून किल्ली माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात होती. परतीच्या बोटीत माझ्या पोटात ढवळायला लागलं. मी काठावरून वाकलो, आणि पोटातल्यासकट खिशातलंही समुद्राला दिलं. साडूभाऊ माझी पाठ चोळत म्हणाले, "असू दे, असू दे. इथे खोली बरीच असेल. बुडी मारून उपयोग नाही."

गाडी तिथेच टाकून आम्ही ट्रेन धरली. रविवारची ट्रेन, रुळांची दुरुस्ती, मधेच उतरवून बस, पुन्हा ट्रेन. वोकिंगहून हीथ्रोला थेट बस सुटते. तिथे साडूभाऊ उठले आणि म्हणाले, "चला डॉक्टर, दोघं असलो तर सामानाला बरं."

मी म्हटलं, "मला तुमच्याबरोबर घरी आलेलं बघून ही विचारेल, हॉस्पिटलातून हीथ्रोला कसे गेलात?"

"आता काहीतरी सांगू. आई तिथे एकट्या बसल्यात."

"तुम्ही जा ना. माझं घरी अवघड होईल."

ते दारात उभे राहून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. तुम्ही घरी जा. मी एकटाच आलो होतो, आणि किल्ली माझ्याच हातून पडली." त्यांनी दार लावलं आणि फलाटावरून धावत गेले. त्यांना धावताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मी घरी पोचलो तेव्हा बायको आणि ताई फोनपाशी बसून होत्या. मी विचारलं, "अजून आले नाहीत?" तो प्रश्न मी ज्या सुरात विचारला, तो सूर मला अजून ऐकू येतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. साडूभाऊंना आई नव्हती. ते अगदी लहान असतानाच गेली. लग्नात सासूबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, तेव्हापासून ते त्यांना "आई" म्हणायचे, आणि आम्ही बाकीचे जावई म्हणतो तसं तोंडदेखलं नव्हे. त्या येणार म्हणून त्यांनी गाडीत पाठीला टेकायला नवी उशी आणून ठेवली होती. सासूबाई त्यांच्यावर रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. त्या फक्त त्यांच्या गाडीत बसायच्या बंद झाल्या. पंधरवड्याने त्यांना ब्रिस्टलला जायचं होतं. साडूभाऊ न्यायला आले, गाडी धुऊनपुसून. सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जावईबापू, तुम्हीच सोडा मला. तुमचं कसं, सगळं वेळेवर." आणि मी सोडलं. मोटरवेवर पुढे माझी गाडी, तिच्यात सासूबाई. मागून साडूभाऊ, त्यांच्या गाडीत सासूबाईंच्या बॅगा आणि ती उशी. आरशात ते सारखे दिसत होते. मी वेग वाढवला की तेही वाढवायचे. "फार सावकाश चालवतात हो हे," सासूबाई मागे वळून बघत म्हणाल्या. मी म्हटलं, "त्यांचं लक्ष जहाजात." त्या हसल्या. पुढे त्या आणखी तीन-चारदा इंग्लंडला आल्या आणि दर वेळी हीथ्रोवर त्यांना घ्यायला मीच गेलो. साडूभाऊ ब्रिस्टलहून फोन करून विचारायचे, "आईंना घेतलंत ना वेळेवर?" मग पुढच्याच वाक्यात, "जिब्राल्टरला पोचली." सासूबाई सांगलीला वारल्या, त्या आपल्या थोरल्या जावयाचा भरवसा नाही हे मनात घेऊनच.

साडूभाऊंनी मला या बाबतीत एक शब्द कधी ऐकवला नाही. ऐकवला असता तर मी भांडून मोकळा झालो असतो. त्याऐवजी जहाज ऐकवत राहिले. मला कधीकधी असाही संशय यायचा की हा माणूस मुद्दाम माझा सूड घेतोय. पण ते फोन त्या रविवारच्या आधीपासूनचे होते, तेव्हा तेही समाधान नाही.

अलीकडे ती क्रूझर सेवेतून निवृत्त झाली. साडूभाऊंनी ब्रिस्टलला तिचं निरोपाचं जेवण ठेवलं. बोलावणं पुष्कळांना होतं. आलो आम्ही दोघंच. मी मनाशी ठरवून गेलो होतो: आज ताई आणि बायको, दोघींच्या देखत सांगायचं. साडूभाऊ कोट घालून बसले होते. खूप वाळले होते. ताटं वाढून झाल्यावर त्यांनी जहाजाची सगळी हकिकत तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. कुठली मोहीम, कुठलं बंदर, कोणाच्या ताफ्यात. ताईंनी मला खूण केली, जेवायला लागा, हे चालायचंच. मी घास हातात धरून वाट बघत होतो. अखेर ते आलं.

"पोर्ट्समथ. दोन दिवस मुक्काम. विशेष काही घडलं नाही."

"विशेष काही नाही?" बायको म्हणाली. "माझी आई बसली होती ना बाकावर."

"ते एक सोडून," साडूभाऊ म्हणाले. दोघी बहिणी हसायला लागल्या. साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. ते हसत नव्हते, आणि रागावलेलेही नव्हते. वोकिंगला ट्रेनच्या दारात थांबले होते तसेच थोडे थांबले. माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी वाटी पुढे केली आणि म्हणालो, "श्रीखंड छान झालंय." त्यांनी मला वाढलं आणि पुढचं बंदर सांगायला घेतलं.

त्या हिवाळ्यात ते गेले. स्मशानातल्या त्या छोट्या हॉलमध्ये ताई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "ती किल्लीची गोष्ट सांगा ना. लोकांना बरं वाटेल. त्यांनाही आवडायची." मी उभा राहिलो. समोर त्यांच्या कारखान्यातले म्हातारे इंग्रज होते, मंडळातले लोक होते, मोदकावरचं तूप थिजलेला तो तरुण होता, त्याची बायको होती. मी गोष्ट सांगितली. नेहमीची. लोक हसले, डोळे पुसले, आणि ताईंनी माझा हात दाबला.

आता रविवारी सकाळी फोन येत नाही. ती क्रूझर कुठल्या गोदीत बांधून ठेवली आहे ते मी मुलीकडून शोधून घेतलं आहे. सांगायला कोणी नाही. ब्रिस्टलला जाताना मोटरवेवर मी दर वेळी घोकायचो आणि त्यांच्या दाराशी पोचेपर्यंत हरवून बसायचो, ते वाक्य तसं लहानच होतं. साडूभाऊ, किल्ली माझ्या खिशातून पडली, आणि वोकिंगला मी तुमच्याबरोबर उतरायला हवं होतं.