गल्लीच्या तोंडाला वाजणारा ब्रेक

"थांबली का न्हाई? मग झालं की!"

हे त्याचं वाक्य. म्हणताना बॉनेटवर तळहात आपटायचा, म्हशीच्या पाठीवर थाप मारावी तसा. त्याच्या गाडीचा ब्रेक असा वाजायचा, की शाहूपुरीत माझ्या गॅरेजमध्ये मी गाडीखाली उताणा पडलेला असलो तरी न बघता सांगायचो, आला बघा. पत्र्यावर खिळा ओढल्यागत आवाज. मी म्हणायचो, "पॅड संपल्यात, डिस्कला चर पडल्यात, बदल की लेका." की बॉनेटवर थाप. थांबली का न्हाई?

नाव मी लिहीत नाही. कोल्हापुरात राहत असाल तर तुम्ही त्याला बघितलंच असेल. बघितलं नसेल तर ऐकलं तरी असेल. मलकापूर रस्त्याला त्यानं उभा जन्म वडाप मारलं. जीपमध्ये माणसं कोंबायची, आणि वाटेत कुणी हात केला की जागच्या जागी ब्रेक. आतली माणसं एकमेकांच्या मांडीवर. म्हातारपणी जीप विकली आणि ही पांढरी गाडी घेतली. लग्नाची, दवाखान्याची भाडी मारायचा. गाडी बदलली, पाय वडापचाच राहिला.

मी चौथीत शाळा सोडली. लिहिताना काना-वेलांटी चुकते, चुकू दे. ब्रेकच्या कामात मला कुणी शिकवायला येऊ नये. तो यायचा. त्याचं माझं रोज भांडण आणि रोज चहा.

त्याचं घर राजारामपुरीत, एका गल्लीच्या टोकाला. पुढं लोखंडी फाटक. गल्लीच्या तोंडाला वळताना त्याचा ब्रेक किंचाळायचा, आणि त्या आवाजावर वैनी, म्हणजे त्याची बायको, चहाचं आधण ठेवून फाटक उघडायला यायची. मी कितीदा शेजारी बसून बघितलंय. हा हॉर्न कधी वाजवायचा नाही. गाडी फाटकाशी येईपर्यंत फाटक उघडलेलं असायचं. वैनी पदराला हात पुसत म्हणायची, "आलं बघा तुमचं विमान. भावजी, ह्यास्नी जरा तेलपाणी तरी करा."

"तेलपाणी गाडीला करतो वैनी, ह्याला कुठं करू?" मी म्हणायचो.

मग एक दिवस तो आला. थाप नाही, वाक्य नाही. गाडीतनं उतरून नुसता उभा राहिला.

"मिस्त्री, आवाज बंद कर."

मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, "का? थांबत न्हाई व्हय?"

"थांबतीया. पर तिला सोसंना झालंय."

वैनीच्या हाडात दुखणं शिरलं होतं. पाठीच्या मणक्यात. दवाखान्यात लाईट घ्यायला, म्हणजे मशीनखाली किरणांचा शेक घ्यायला, न्यावं लागायचं. मागच्या सीटवर उशी लावून निजवून न्यायची. ब्रेक वाजला की आता हिसका बसणार हे तिला कळायचं, आणि हिसका बसायच्या आधीच ती सगळं अंग आवळून घ्यायची. त्यानंच कळ जास्त उठायची. घरापासून दवाखान्यापर्यंत किती सिग्नल, किती रिक्षा, किती म्हशी आडव्या. प्रत्येकाला आधी आवाज, मग कळ.

"वरडत बी न्हाई रं," तो म्हणाला. "आरशात दिसतंय मला. डोळं मिटून घेती नुसती."

मी त्याच दिवशी गाडी जॅकवर घेतली. पुढच्या दोन्ही डिस्क नव्या, पॅड नवे. पिना साफ करून ग्रीस लावलं. डिस्कवर बोटाचा डागसुद्धा राहू दिला नाही. तो शेजारी उकिडवा बसून बघत होता. मी म्हटलं, "अजून काम झालं न्हाई. आता बसवायला लागतंय. नवं पॅड आन् नवी डिस्क, दोघांची वळख न्हाई. तशीच हाणलीस तर आठवड्यात परत वाजाय लागंल. पायताण नवं असतंय तवा कसं करकरतंय, तसं."

"पायताणाला तेल लावतोय आपन. हितं लावू काय?"

"लाव की. मग पंचगंगेत जाऊनच थांबशील."

एवढ्या दिवसांत तेवढा एकदा हसला.

मलकापूर रस्त्याला निघालो. त्याचाच रस्ता. चालवायला त्यालाच बसवला, कारण पॅड ज्याच्या पायाखाली बसतंय, त्या पायाला ते कळलं पाहिजे. मी शेजारी. "साठला ने. आता हळू दाब. पुरती थांबवू नको, इसावर आली की सोड. परत उचल." त्यानं दाबलं ते वडापसारखं. माझं डोकं काचेला. मी शिव्या दिल्या. परत तेच. जन्माची सवय, पाय ऐकेना.

मग मी चिडून बोललो, "वैनीचा हात हाय त्या पेडलखाली, असं समज."

गाडी साठला गेली. त्यानं पाय ठेवला. गाडी अशी हळू झाली, की मला काचेबाहेर बघावं लागलं हळू झाली का नाही ते. ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढं होता, त्याच्या मागं आम्ही बिनआवाजाचे. परत उचलली, परत दाबलं. नव्या पॅडचा जळका वास आत आला. त्याचे डोळे भरले होते. वासानं भरले असतील, मी विचारलं नाही.

वाटेत एक देऊळ आहे. मी लघवीला उतरलो. त्यानं डिकीतनं नारळ काढला. नवी वस्तू लागली की आपल्याकडं नारळ फोडतातच, मला त्याचं काही वाटलं नाही. पण ह्यानं नारळ फोडून सगळं पाणी पुढच्या चाकावर शिंपडलं. एका, आणि मग दुसऱ्या. तापलेल्या डिस्कवर गार पाणी! छर्र असा आवाज मला झाडापर्यंत ऐकू आला. नाडी बांधत पळत आलो तर चाकातनं वाफ निघत होती आणि हा हात जोडून उभा.

"काय केलंस रं? डिस्क वाकडी झाली असंल!"

"देवाचं पानी हाय ते."

"देव तुझा, डिस्क माझी!"

तो हळूच म्हणाला, "तुज्या पिराला बी फोडलाय की एक. सकाळीच. तिला बरं वाटू दे म्हनून."

परत येताना पेडल पायाला धक्के मारत होतं. डिस्क वाकडी झालीच होती. दुसऱ्या दिवशी वैनीचा दवाखाना. गॅरेजात आल्या आल्या मी डिस्क काढून कोपऱ्यात टाकल्या आणि परत नव्या बसवल्या. पहाटे उजाडता उजाडता आम्ही परत मलकापूर रस्त्याला. सांगायला लागलं नाही. साठ, हळू, सोड. मग बराच वेळ ब्रेकला पाय न लावता नुसतं वारं खाऊ दिलं. देवळापाशी त्यानं चालत्या गाडीतनंच हात जोडले.

तिथनं तसेच घरी. वैनीला मागं निजवलं, मी पुढं बसलो. सकाळची गर्दी, क्लासची पोरं, बस. पहिल्या सिग्नलला तो लांबूनच पाय ठेवत आला. मी मागं बघितलं. वैनी डोळे उघडे ठेवून टपाकडं बघत होती. गाडी उभी राहिली. बाजूच्या रिक्षा बंद झाल्या, तेव्हा ती म्हणाली,

"थांबली व्हय?"

त्यानं आरशात तिच्याकडं बघितलं. मी म्हटलं, "थांबली वैनी, थांबली."

त्या दिवसापासून त्यानं बॉनेटवर थाप मारलेली मी बघितली नाही.

वैनी घरात निजून असायची तेव्हा एकदा मी बघायला गेलो. म्हणाली, "भावजी, काम लई ग्वाड केलंसा. पर आता हे आल्यालं कळतंच न्हाई. कान लावून पडती मी." हा दाराशी उभा होता. दुसऱ्या दिवसापासून फाटकाशी गाडी लावली की हाक मारायला लागला, "आलो गं!" आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आतनं ती "व्हय" म्हणायची. मग ते 'व्हय'ही थांबलं.

ती गेल्यावर मला वाटलं, हा गाडी विकेल. विकली नाही. पण चालवायचा तसाच. लांबूनच पाय ठेवायचा. मागनं रिक्षावाले ओरडायचे, "ओ पावणं, धक्का मारू काय?" हा मान बाहेर काढून सांगायचा, "मागं पेशंट हाय." मी शेजारी असायचो. मागं उशी असायची फक्त. मी एकदाही त्याला म्हटलं नाही की मागं कोण नाही. फाटकाशी आल्यावर हाकही मारायचा. मग खाली उतरून आपल्या हातानं फाटक उघडायचा.

ह्या उन्हाळ्यात तोही गेला. झोपेत. त्याच्या गाडीसारखाच, कुणाला कळलं नाही.

पावसाळाभर गाडी गल्लीत उभी. पाऊस सरल्यावर त्याची मुलगी किल्ली घेऊन गॅरेजात आली. "चाचा, तुम्हीच न्या. दुसऱ्या कुणाला द्यायचं मन होत नाही." मी बॅटरी घेऊन गेलो. गाडी चालू झाली. गल्लीच्या तोंडाला वळताना पाय ठेवला, आणि ब्रेक किंचाळला. तोच आवाज. पावसात उभी राहिली की डिस्कला गंज चढतो, त्याचा तो. मला माहीत आहे, जन्मभर हेच केलंय. तरी मी आरशात फाटकाकडं बघितलं. ब्रेक दाबून धरला आणि बघत राहिलो. मागं मोपेडवाली हॉर्न वाजवत होती.

फाटकाला कुलूप होतं.

असला गंज टिकत नाही. दोन-चारदा ब्रेक लागला की पॅड तो पुसून काढतंय, आवाज जातोय. म्हणून मी ब्रेक मारायचा टाळत आलो. लांबूनच गिअर उतरवायचो, गाडी आपसूक हळू होऊ द्यायचो. पण राजारामपुरीतनं शाहूपुरीत ब्रेक न लावता कोण येणार? एका रिक्षाला दाबायला लागला, थोडा वाजला. एका बाईला, त्याहून कमी. शेवटच्या सिग्नलला मी पाय ठेवला आणि कान लावला.

काही नाही. आम्ही दोघांनी बसवलेला ब्रेक होता.